जपानी पुस्तकाचा कर्ता

कळसाडी, ता. शहादा, जि. पश्चिम खानदेश
१४ जुलै १९३९

जपानी भाषेचे पंडित, ग्रंथकार भिला देवराम पाटील, मुक्काम मुंबई, यांस लोकल बोर्डाच्या शाळेतल्या सुपडू मास्तरचा कोपरापासून नमस्कार.

पंडित म्हटलं म्हणून फुगू नकोस. तुझ्या पुस्तकाच्या कव्हरवर तसं छापलं आहे, तेच मी उतरवून घेतलं.

आज दुपारच्या सुट्टीत पोस्टमनने व्ही.पी. आणून दिली. वर्तमानपत्रात जाहिरात होती, ‘मराठीतून जपानी, गुरूशिवाय, तीन महिन्यांत’. कर्त्याचं नाव नव्हतं. तीन वर्षांत जपानीचा एक कपटा जरी कुठे आहे असं कळलं तरी मी कार्ड टाकतो, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे? मुंबई, पुणे, कलकत्ता धरून एकोणीस बुकसेलरांना पत्रं लिहून झाली. सोळांनी उत्तरच दिलं नाही, दोघांनी चिनी पुस्तकाची यादी पाठवली, एकाने इंग्रजीतून जपानी शिकवणारं एक जुनं पुस्तक. तेव्हा हेही मागवलं.

दोरी सोडली, कव्हर न बघताच पान उलटलं. वर ‘श्री कानबाई प्रसन्न’. मला इतका आनंद झाला म्हणतोस. म्हटलं, कोणीतरी आपल्या खानदेशातलाच बहाद्दर दिसतो, मुंबई-पुण्याकडे कानबाई कोणाला माहीत? आता याला पत्र लिहायचं, याला गाठायचं, दोघं मिळून नंदुरबारला वर्ग काढू. एवढं सगळं मनात बांधून झालं आणि मग पहिला धडा वाचला. ‘ही सरकी आहे. ही रुई आहे. ह्या रुईत पाला फार आहे.’ चौथा धडा, ‘तापीला पूर आहे. गाडी अलीकडेच थांबवा.’ मग मी पुस्तक मिटून कव्हर पाहिलं.

शाळा लवकर सोडली. घरी आलो तर माझा चेहरा बघून आमची गजराबाई म्हणाली, “कोन मरी गयं?”

आता तूच सांग, कुठून सुरुवात करू? १९३५ च्या हिवाळ्यात आपण दोघं नंदुरबारच्या कापसाच्या जिनात उभे होतो. तू तिथे दलालाकडे कारकून, मी सुट्टीत तुला भेटायला आलेलो. तो जपानी खरेदीदार ढिगात हात घालून रुईचा पुंजका काढायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचा, धागा किती निघतो ते पाहायचा आणि दोन शब्द बोलायचा. मोठमोठे दलाल दुभाष्याच्या तोंडाकडे बघत उभे. तू माझ्या कानात म्हणालास, “सुपडू, यानी भाषा ऊनी ना, तं आपन राजे.” भाषेचं वेड मला तिथे लागलं. तुला राजेपणाचं लागलं असेल, पण ते मला तेव्हा कळलं नाही.

तू मुंबईला गेलास, कुलाब्याला एका जपानी कंपनीतले साहेब गुरुवारी संध्याकाळी घरी वर्ग घेतात असं शोधून काढलंस. ते श्रेय तुझंच. दर शनिवारी तुझा लखोटा यायचा, आत धडा. मी वाट बघत पोस्टमनच्या रस्त्यावर उभा राहायचो. चार महिने चाललं. मग साहेबांची कोबेला बदली झाली, वर्ग बंद पडला, तू लिहिलंस, ‘आता जाऊ दे, आपल्या नशिबी नाही.’ मी जाऊ दिलं नाही. नंदुरबारच्या मिशनमधल्या मडमबाई जपानात दोन वर्षं राहून आलेल्या, त्यांच्याकडे महिन्यातून एकदा उच्चार विचारायला जायचो. पावसाळ्यात प्रकाशा गावी तापी नावेतून उतरून जायचो. गावात उठलं की मास्तर बाटला. भाऊबंद कानबाईच्या रोटाच्या जेवणाला मला पंगतीत घ्यायचं की नाही यावर बसले होते, तुझ्याच ओट्यावर.

इंग्रजी पुस्तकात वाक्यं कसली, तर काकांची छत्री आणि चेरीचं झाड. आपल्या पोरांना ती काय उपयोगाची? म्हणून आपल्या रोजच्या गोष्टींवर बत्तीस धडे मी लिहिले. जिन, बैलगाडी, बाजार, अखाजीचा सण, पूर. गेल्या वर्षी अखाजीला ती वही तुझ्या हातात दिली. साहेबांच्या जुन्या कंपनीतल्या कोणा जपानी माणसाकडून चुका दुरुस्त करून घे म्हणालो. तू वही कपाळाला लावलीस आणि म्हणालास, छापूनच आणतो.

आणलीस. बोललास तसं केलंस. मला एकच विचारायचं आहे, छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याने ‘कर्ता कोण’ असं विचारलं असेल, तेव्हा तू लगेच सांगितलंस की जरा थांबलास?

सुपडू


कळसाडी
२ सप्टेंबर १९३९

भिला,

मला उत्तर नाही. आईला मात्र चार पानं. आणि गावात वाचणारा मीच, म्हणजे तुझी बढाई तुझ्या आईला मीच मोठ्याने वाचून दाखवायची. तुझी अक्कल काढायला नको, ती तुला भरपूर आहे.

वाचलं मी. ‘आई, मी जपानी भाषेचं पुस्तक लिहिलं. जपानी कंपनीने मला खरेदीवर नेमलं. पुढच्या साली जपानला पाठवायचं बोलतात.’ दगूकाकू दोनदा म्हणाली, “परत वाच भाऊ.” परत वाचलं. मग तिने गल्लीत गूळ वाटला. मलाही दिला. मी खाल्ला. काय करणार होतो? डोळ्यांत पाणी आलं होतं म्हातारीच्या.

पण तिसऱ्या पानावर तू माझ्यासाठी ओळी घातल्या होत्यास, मी वाचणार हे जाणून. ‘सुपडूला सांग, राग धरू नको. सुपडू नावाच्या माणसाचं पुस्तक मुंबईत कोण हातात घेईल? मी नुसतं नाव दिलं.’ त्या ओळी मी म्हातारीला वाचून दाखवल्या नाहीत. सरळ पुढचं पान काढलं. ही माझी लबाडी, कबूल करतो. तिच्या लेकाचं तोंड तिच्यासमोर काळं करायला माझी जीभ वळली नाही.

माझं नाव वाईट आहे का रे? माझ्या आधीची तीन भावंडं गेली. मी झालो तेव्हा आईने मला सुपात घालून शेजारणीच्या दारात ठेवलं, देवाला वाटावं की हे पोर ह्या घरचं नाही. शेजारीण म्हणजे तुझीच आई. तिने मूठभर ज्वारी देऊन मला ‘विकत’ घेतलं आणि परत आईच्या ओटीत घातलं. ह्या नावावर मी जगलो. ते मुंबईत शोभत नसेल तर नसेल, पण ते टाकून द्यायचा हक्क तुला नव्हता.

आणि आता एक हसण्यासारखं सांगतो. सतराव्या धड्यात एके ठिकाणी मला शंका होती, म्हणून मी कंसात लिहून ठेवलं होतं, ‘येथे साहेबांस विचारणे’. ते तसंच छापलं आहेस. पान एकेचाळीस. पुढे पान साठवरही आहे. म्हणजे तू कोणा साहेबाला विचारलं नाहीस, स्वतः वाचलंही नाहीस. पंडितजी, तुम्हाला चार महिन्यांचे धडेही आठवत नाहीत. मी त्या रात्री पोट धरून हसलो आणि मग हसू थांबेना, तेव्हा गजराबाईने मला हलवून विचारलं की काय झालं.

कंपनीला हे कळवायला एक कार्ड पुरेसं आहे. कार्ड लिहिलं. टाकलं नाही. का टाकलं नाही ते मलाच नीट सांगता येत नाही.

सुपडू


कळसाडी
अखाजीचा दुसरा दिवस, मे १९४०

भिला,

आठ महिने मी लिहिलं नाही. अकराव्या धड्याबद्दल लिहायचं होतं आणि हात धजत नव्हता.

पहिल्या पत्रात मी पुराची गाडी लिहिली, सरकी लिहिली, दुसऱ्यात कंसाची थट्टा केली. अकरावा धडा दोन्ही वेळा गाळला. तू ओळखलं असशील. तू तो धडा तेवढा वाचला होतास, हे मला पहिल्याच दिवशी कळलं.

वहीत मी लिहिलं होतं, ‘माझ्या मुलीचं नाव शोभा. ती चार वर्षांची आहे. ती झोक्यावर बसली आहे. ती मला हाक मारते.’ ते लिहिताना ती खरंच समोरच्या निंबाला बांधलेल्या झोक्यावर बसली होती. अखाजीचेच दिवस. माझ्यामागे ‘इची, नी, सान’ म्हणत झोके मोजायची, दहाच्या पुढे मला येत होतं पण तिला नको असायचं, ती परत एकपासून धरायची. वही तुला दिली आणि भादव्यात शोभा तापाने गेली. सहा दिवस. तू दहाव्याला आलास, माझ्याशेजारी नदीवर बसलास, माझ्या पाठीवर हात ठेवलास. ती वही तेव्हा तुझ्याकडेच होती.

छापील पुस्तकात आहे, ‘माझ्या मुलीचं नाव मीना.’

बत्तीस धड्यांत तू एका अक्षराला हात लावला नाहीस. कानबाई ठेवलीस, कंस ठेवले, माझ्या चुका ठेवल्या. बदलला तो एवढा एक शब्द. माझ्या मुलीच्या जागी स्वतःची मुलगी बसवलीस. मीना गोड पोर आहे, तिचं काही म्हणणं नाही, ती शंभर वर्षं जगो. पण तुला हे सुचलं तरी कसं, भिला? कव्हरवरचं नाव चोरलंस ते लोभाने, समजू शकतो. हे का केलंस? लोक विचारतील, पंडितजी, तुमच्या मुलीचं नाव तर मीना, मग ही शोभा कोण, एवढीच ना भीती?

गजराबाईला वाचता येत नाही. तिला कोणीतरी सांगितलं की पुस्तकात शोभाचं नाव आहे, मीच पूर्वी सांगितलं असेन. काल अखाजीला गल्लीतल्या पोरी झोक्यावर गाणी म्हणत होत्या, ती आत येऊन म्हणाली, “ते पान वाचा ना.” मी पुस्तक उघडलं आणि ‘शोभा’ वाचलं. छापलेलं मीना आणि वाचलं शोभा. तिने त्या ओळीवर बोट ठेवलं, चुकीच्या शब्दावर, आणि तसंच ठेवून बसली.

मला कव्हर नको. पंडित तूच राहा, जपानला तूच जा. दुसरी आवृत्ती निघेल तेव्हा अकराव्या धड्यात तो एक शब्द परत घाल. एवढं कर, मी तुझ्याबद्दल कोणापाशी अवाक्षर काढणार नाही. हात जोडून लिहितो आहे. मी कोणाला असं लिहीत नाही.

सुपडू


कळसाडी
९ जानेवारी १९४२

भिला,

तुझं पत्र पोचलं. अडीच वर्षांत पहिलं, आणि सुरुवात ‘प्राणप्रिय मित्र सुपडू’ अशी. मी पाकिटावरचा पत्ता पुन्हा बघितला, दुसऱ्या कोणाचं तर नाही ना.

तुझी दुसरी आवृत्ती मी मागवून बघितली होती. ‘येथे साहेबांस विचारणे’ दोन्ही ठिकाणचं काढून टाकलंस, कोणीतरी हसलं असेल. मीना तशीच आहे. त्यानंतर मी तुला लिहिणं सोडलं.

आता तू लिहितोस, जपानने लढाई पुकारल्यापासून कंपनीला टाळं लागलं, जपानी साहेबांना सरकारने धरून नेलं. जपानी पुस्तकाचा कर्ता म्हणून पोलिसांनी तुलाही चार दिवस आत ठेवलं आणि जामिनावर सोडलं, रोज चौकीवर हजेरी आहे. पुढे तू लिहितोस, ‘मी त्यांना खरं काय ते सांगितलं की पुस्तक माझं नसून सुपडू दगा पाटील याचं आहे. तुझी मूळ वही त्यांना दिली. ते तुझ्याकडे येतील. आता सत्य सांगण्याची वेळ आली आहे, मित्रा.’

काय सुरेख वाक्य आहे रे. सत्य सांगण्याची वेळ. १९३९ च्या जुलैत ती वेळ कुठे गेली होती? पहिल्या दोन पत्रांत मी ज्यासाठी तळमळत होतो ते तू आज फुकट दिलंस, न मागता, माझ्या हस्ताक्षरासकट. जपान्याच्या पगारावर होतास तेव्हा पुस्तक तुझं. जपान्याचं नाव घेतलं तर बेडी पडते तेव्हा माझं. केसाने गळा कापतात म्हणजे काय ते मी पोरांना शिकवतो, पण मला आजवर नीट समजलं नव्हतं.

आणि वही दिलीस. शोभा गेल्यावर ती मी तुला तीन वेळा परत मागितली होती, तू म्हणालास हरवली.

दगूकाकू काल आली. मी म्हटलं, पत्र वाचू का? म्हणाली, “वाचू नको, माले माहीत शे. मन्हा पोऱ्याले धरी ली ग्यात. भाऊ, तू सांगी दे ना, ते पुस्तक तुन्हं शे म्हनीसन.”

मी विचारलं, “काकू, तुले कोनी सांगं?”

“कोनी सांगाले कसाले पाहिजे? तू मन्हा वट्टावर बशीसन लिखे ना दोन उन्हाळा. माले ठाऊक व्हतं.”

तिला ठाऊक होतं. गूळ वाटताना ठाऊक होतं. मी तिच्या लेकाची अब्रू झाकायला पानं उलटत होतो आणि ती समोर बसून ऐकत होती, परत वाच म्हणत होती. मी तिला म्हणालो, काकू, तू मला ज्वारी देऊन विकत घेतलं होतंस. ती रडायला लागली. म्हणाली, “मी काय करू, तो मन्हा पोटना शे.”

तुला सांगतो, मी काय करणार ते मला ठाऊक नाही. ‘माझं नाही’ म्हटलं तर तू आत जाशील आणि पुस्तक कायमचं तुझं होईल. ‘माझं’ म्हटलं तर बोर्डाची नोकरी गेली आणि धुळ्याचा तुरुंग आला. गजराबाईला पाचवा महिना आहे. हे तुला कळवलेलं नव्हतं, कारण तुला कळवावं असं आता काही उरलेलं नाही.

सुपडू


कळसाडी
२७ जानेवारी १९४२

भिला,

मोटार यायला अवकाश आहे. हवालदार बरा माणूस आहे, त्याने लिहू दिलं.

फौजदार सकाळी आले. पुण्याकडचे आहेत, नवेच. तुझ्या ओट्यावर टेबल मांडलं, पंच बोलावले, गाव जमलं. एका हातात तुझं पुस्तक, दुसऱ्या हातात माझी वही. पहिला प्रश्न विचारला, “ही कानबाई कोण? जपानी बाई आहे का?” मी सांगितलं, साहेब, आमची देवी आहे, श्रावणात बसते. ते म्हणाले, “आणि हे काय? ‘आज किती गाठी रवाना झाल्या? गाडी किती वाजता सुटते? तापीला पूर आहे, गाडी अलीकडेच थांबवा.’ आगगाडी कुठे थांबवायची याच्या सूचना शत्रूला देतोस?” मी म्हटलं, साहेब, बैलगाडी आहे ती. प्रकाशाच्या उताराला पूर आला की सगळेच थांबतात. लोक हसले. फौजदार हसले नाहीत. हवालदाराने खाली मान घालून लिहून घेतलं, ‘बैलगाडी असे सांगतो.’

बघ, आपल्या पोरांना सोपं जावं म्हणून मी आपल्याच गावच्या गोष्टी घातल्या, आणि त्या एकेक माझ्यावर पुरावा म्हणून लागत होत्या. काकांची छत्री घातली असती तर बरं झालं असतं.

मग त्यांनी वही माझ्यासमोर सरकवली. “हे अक्षर तुझं?”

तुझ्याच घरात दाराआड गजराबाई उभी होती. रात्रभर आम्ही बोललो होतो. मी तिला म्हणालो होतो, नाही म्हणून सांगतो, अक्षर कोणाचंही असू शकतं. ती हो म्हणाली होती. तेच ठरलं होतं आमचं.

वही अकराव्या धड्यावर उघडली होती असं मी लिहिलं तर तू म्हणशील मास्तर रचून सांगतो. नव्हती. पहिलं पानच होतं, सरकी आणि रुई. माझी शाई, माझा बोरू, दोन उन्हाळे. मी तोंड उघडलं आणि ‘माझं’ म्हणालो. मला वाटतं, मला दुसरं काही म्हणताच आलं नसतं. आत भांडं पडल्याचा आवाज झाला.

फौजदार म्हणाले, “मग पुस्तकावर त्या भिला पाटलाचं नाव कसं? दोघं सामील आहात?” इथे, भिला, तू माझ्या मुठीत होतास. ‘हो, सामील’ एवढे दोन शब्द पुरे होते. अडीच वर्षं मी रोज मनात ज्याला शिव्या दिल्या तो माझ्याशेजारी धुळ्याच्या मोटारीत बसला असता. तुझी आई पायरीवर बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही, फौजदारांच्या बुटांकडे बघत होती.

मी म्हटलं, लिहून घ्या. पुस्तक सर्वस्वी माझं. भिला देवराम पाटील यास जपानी भाषा येत नाही. त्याने त्यातलं काही लिहिलं नाही, त्याला ते वाचताही येत नाही. फौजदारांचा विश्वास बसेना. कंपनीचा खरेदीदार, दोन आवृत्त्यांचा कर्ता, आणि येत नाही? त्यांनी पंचांना विचारलं, हे खरं का? भिला पंडित, गावाचा अभिमान, तो अडाणी आहे असं कोण म्हणणार?

तेव्हा तुझी आई उठली. भर गावात, जिथे तिने गूळ वाटला होता तिथेच उभी राहून, फौजदारांपुढे पदर पसरून म्हणाली, “बठ्ठं यानंच लिखेल शे, साहेब. मन्हा पोऱ्याले काहीच येत नही.”

हवालदाराने तेही लिहून घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचून दाखवलं. तिने अंगठा उमटवला. मग मी सही केली.

सुपडू दगा पाटील